घोंगडीच्या पानावरची भावकी

छत्रपती संभाजीनगर,
बुधवार, दि. १२ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप आप्पांना धाकट्या बहिणीचा, रत्नमालेचा, वाकून नमस्कार. (वाकले आहे ती रीतीखातर. पत्र वाचून होईपर्यंत मी सरळ उभी राहिलेली असेन.)

रविवार, दि. ९ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, सिल्लोड मुक्कामी, आपल्या राहत्या घराच्या ओसरीवर, नातीच्या साखरपुड्याचे पोहे चालू असताना आपण आपले चिरंजीव शिवशंकर यांना हुकूम दिलात, आणि चिरंजीवांनी पोह्यांची बशी खाली न ठेवता, नुसत्या अंगठ्यानं, माझं पाच महिन्यांचं काम पुसून टाकलं. वेळ अंदाजानं लिहिलेली नाही. आपल्या वेबसाइटवर कोणी काही बदललं की मला मेल येतो, त्यावर वेळ असते. त्या वेळी मी आत, तुमच्याच स्वयंपाकघरात, तुमच्याच पाहुण्यांसाठी चहा गाळत होते. मेल पाहिला तो परतीच्या एसटीत, फुलंब्रीच्या आसपास. शेजारच्या बाईंनी मला पाणी दिलं. काय झालं असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, भाऊ. त्यांनी आणखी पाणी दिलं.

आता रीत पुरी करते. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर किती आली? नातीचं स्थळ चांगलं आहे, मुलगा बोलतो कमी आणि ऐकतो जास्त (आपल्या घरात आल्यावर त्याला दुसरा पर्यायही नाही). माझी तब्येत रविवारपर्यंत उत्तम होती. रीत संपली.

हे पत्र तुम्ही एकटे वाचणार नाही हे मला ठाऊक आहे. ओसरीवर भावकी जमेल, आपला चुलतभाऊ हनुमान चष्मा लावून मोठ्यानं वाचील, आणि स्वतःबद्दलची वाक्यं गिळील. (हनुमान, हे वाक्यसुद्धा वाच.) म्हणून सगळ्यांना कळेल असं पहिल्यापासून सांगते.

आपली थोरली बहीण बानाबाई अजिंठ्याजवळ राहते. ती लोकर कातते, कडुबा दाजी खड्ड्यातल्या मागावर घोंगडी विणतात, चिंचोक्याची खळ देऊन वाळवतात, आणि ती घोंगडी घेणाऱ्या माणसापेक्षा जास्त टिकते. टिकाऊ मालाचं दुखणं हेच, की गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवत नाही. बाजारात गिरणीची फुलाफुलांची ब्लँकेटं आली तसं नवं गिऱ्हाईकही येईनासं झालं. गेल्या उन्हाळ्यात दाजींनी सांगून टाकलं, हिवाळा लागेपर्यंत वाट बघतो, नाहीतर माग उचकटून त्या लाकडांचं कोंबड्यांचं खुराडं करतो आणि मुकुंदवाडीत वॉचमनच्या नोकरीवर जातो. आपल्या साऱ्या गोतात चालू असलेला हा शेवटचा माग. ते ऐकून तुमचे डोळे भरले, हे मी पाहिलं आहे, आणि त्याच भरात तुम्ही वेबसाइट काढायचं ठरवलं. इथपर्यंत तुमचं काही चुकलं नव्हतं.

चुकलं ते पुढच्या अर्ध्या तासात. शिवशंकरचं लग्नपत्रिकांचं दुकान. त्याला दुसरं काही मांडता येत नाही (हा अपमान नाही, त्याच्या पत्रिका सुबक असतात). तुम्ही सांगत गेलात, तो मांडत गेला. सगळ्यांत वर श्री बिरोबा प्रसन्न. त्याखाली आजोबांचं नाव आणि ‘यांच्या कृपाशीर्वादाने’. मग प्रेरणास्थान, मार्गदर्शक आणि संस्थापक, तिन्ही ठिकाणी तुम्हीच. मग निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, समस्त भावकी, मामा मंडळी (मामाचं नाव राहिलं तर जन्मभर ऐकावं लागतं), आणि तळाशी घरातल्या यच्चयावत पोरांच्या नावानं, ‘आमच्या आजोबांची घोंगडी घ्यायला यायचं हं!’ त्यातल्या एकाचं बारसंसुद्धा झालं नव्हतं, म्हणून त्याच्या जागी नुसतं ‘बाळ’ असं लिहिलं. दाजींच्या मालाचं जे काही वर्णन होतं ते फोटोवर सोनेरी अक्षरांत कोरलेलं, आणि फोटोतलं अक्षर शोधणाऱ्या यंत्राला वाचता येत नाही. म्हणजे अख्ख्या पानावर घोंगडी हा शब्द यंत्राच्या हाती लागेल असा एकदाच होता, तोही ज्यांना अजून दात आले नाहीत त्यांच्या तोंडी. शिवाय फेटा बांधून मोबाइल कानाला लावलेला तुमचा फोटो एवढा अवजड, की पान उघडेपर्यंत माझा चहा उतू जाई.

परिणाम काय झाला, भावकीनं नीट ऐकावं. गूगलवर कोणी हातमागाची घोंगडी शोधली तर आपण कुठेच नाही. मात्र लग्नपत्रिकेचा मजकूर शोधला की आपण लगेच हजर. आणि फोन नंबर माझा दिलेला (रत्ना घरीच असते, तिला काम काय!). भोकरदनच्या एका गृहस्थांनी मला विचारलं, मुलीच्या दोन आत्या आहेत, मोठी भांडकुदळ आहे, कुणाचं नाव आधी घालू? मी सांगितलं, भांडकुदळ आत्याचं. अनुभवाचे बोल होते, फुकट दिले. पण पूर्ण मे महिन्यात घोंगडीसाठी म्हणून एकही फोन आला नाही.

यावर तुम्ही दोन उपाय केलेत, दोन्ही लबाडीचे. पहिला असा, की शिवशंकरनं पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत घोंगडी घोंगडी घोंगडी असं शेकडो वेळा लिहून ठेवलं, माणसाला दिसू नये पण यंत्राला दिसावं म्हणून. दाजींच्या फोनचा पडदा काळा, त्यामुळे त्यांना नेमकं तेवढंच दिसलं, आणि त्यांनी बानाबाईला विचारलं, ‘पोराला कायी झालंय का गं?’ दुसरा उपाय तुमचा स्वतःचा. चुलत पुतण्याच्या हळदीच्या मांडवात तुम्ही सगळ्यांना मोबाइल काढायला लावलेत आणि घोंगडीला पाच-पाच तारे द्यायला लावलेत. त्यांना वाटलं लग्नाबद्दल विचारतायत. कडुबा दाजींच्या घोंगडीखाली कितीतरी दिवस ‘जेवण उत्तम, मठ्ठा जरा आंबट’ असा अभिप्राय झळकत होता. मी एकेकाला फोन करून ते काढायला लावले. मठ्ठ्याच्या माणसानं माझ्याशी वाद घातला, म्हणाला, पण आंबट होताच की!

तेव्हा मी पदर खोचला. मी सेवानिवृत्त झाले ती टेलिफोनच्या चौकशी विभागातून, हे भावकी विसरलेली दिसते. ज्या काळात गूगल नव्हतं त्या काळात या शहराचं गूगल मी होते. लोक नाव सांगत नसत. पिंपळाजवळचा दातांचा डॉक्टर द्या, ते रागीट वकील द्या, असं म्हणत, आणि मी द्यायची. एका कापडवाल्यानं दिवाळीला मिठाईचा पुडा पाठवला होता, कापडाचं दुकान कोणी विचारलं की आधी माझा नंबर सांगत जा म्हणून. मी पुडा परत पाठवला, आणि नंबर विचारणाऱ्याला मिळतो, पुड्याला नाही, अशी चिठ्ठी सोबत दिली. आज ज्याला लाच देऊन पहिल्या नंबरावर बसणं म्हणतात ते मी तेव्हाच नाकारून बसले आहे. या वयात, तेही सख्ख्या भावासाठी, मी ते करणार नव्हते.

माझ्या शेजारच्या बोर्डावर मजीदभाई असायचे, तुम्ही त्यांना ओळखता. त्यांची लेक लाइबा हेच काम करते, लोकांच्या वेबसाइट सरळ मार्गानं वर आणायचं. तिला मी म्हटलं, बाई, वर चढायची युक्ती सांग. ती म्हणाली, ‘युक्ती नक्को, खाला. लोगां क्या पूछते वो लिखो, सच्च लिखो, पेज जल्दी खुलना. इत्ताच है.’ मी म्हटलं, आणि वेळ किती लागेल? तर म्हणे, ‘सच्च कू टाइम लगताइच ना, खाला.’ हे ऐकल्यावर मला आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर ॲग्नेस आठवल्या. उत्तरपत्रिका परत देताना त्या म्हणत, जे विचारलं आहे त्याचं उत्तर लिही, जे तुला येतं त्याचं नको. माझे गुण जायचे ते नेहमी मला येतं तेच लिहिल्यामुळे. तुमच्या पानाचे गेले तेही त्याच कारणानं.

मग मी लिहायला बसले. घोंगडी टोचते का? हो, सुरुवातीला टोचते, खाली सुती चादर घ्या. पावसाळ्यात वास येतो का? येतो, मेंढीचा येतो, गुलाबाचा येणार नाही. मशीनमध्ये धुवावी का? धुतलीत तर बाहुलीच्या मापाची होईल. अस्सल कशी ओळखावी? एक धागा जाळून बघा, केस जळाल्यासारखा वास आला तर लोकर. कंबरदुखी जाते का? माहीत नाही, डॉक्टरांना विचारा. (इथं वात, मूळव्याध, ब्लड प्रेशर आणि शेजाऱ्याची नजर यांवर रामबाण असं लिहावं, असा तुमचा आग्रह होता. शेजाऱ्याची नजर उतरत असती तर आधी मी हनुमानच्या गल्लीत घोंगडी पसरली असती.) तुमचा फोटो बारीक करून घेतला. फोटोंवरची सोनेरी अक्षरं पुसून तोच मजकूर खाली साध्या अक्षरांत लिहिला. शहराचं नाव नवंही घातलं आणि जुनंही, कारण शोधणारी माणसं दोन्ही नावांनी शोधतात. त्यावरून दोन्हीकडच्यांनी मला शहाणपण शिकवलं. मी म्हटलं, चौकशी विभागाचा नियम आहे, विचारणाऱ्याला आधी दुरुस्त करायचं नसतं, आधी नंबर द्यायचा असतो.

आणि नावं. मी कुणाचंही नाव खोडलं नव्हतं, आप्पा. पहिल्या पानावरून उचलून ‘आमची माणसं’ असं वेगळं पान केलं आणि प्रत्येकापुढे तो घोंगडीसाठी खरोखर काय करतो ते एका ओळीत लिहिलं. (सगळ्यांत जास्त वेळ हनुमानच्या ओळीला लागला. शेवटी ‘उपस्थिती’ असं लिहिलं.)

लाइबा म्हणाली तसंच झालं, वेळ लागला. श्रावणात आपण कुठूनतरी तिसऱ्या पानावर उगवलो, नवरात्रात दुसऱ्यावर, आणि दिवाळीच्या आधी पहिल्यावर. फोन सुरू झाले. नाशिकची एक बाळंतीण, परभणीचे एक निवृत्त मास्तर, आणखी कोणकोण. सगळे म्हणत, तुम्ही टोचते असं लिहिलंय म्हणून विश्वास बसला. दाजींनी मागावर नवा ताणा चढवला. बानाबाईचा फोन आला, ‘रत्ने, लई फोन यायलेत. ह्यांनी आज दाढी केली, कुठं जायचं नसताना.’ ते ऐकून मी फोन ठेवला, चहा टाकला आणि त्यात साखर दोनदा घातली, जे मला शोभत नाही.

आणि मग रविवार आला. हनुमाननं नव्या व्याह्यांना दाखवायला म्हणून पान उघडलं, त्याला त्यात स्वतःचं नाव सापडलं नाही, आणि तो सगळ्यांदेखत म्हणाला, ‘पत्रिकेतून नाव गेलं म्हंजी भावकीतूनच गेलं की ओ, आप्पा.’ हे मला वहिनींनी फोनवर सांगितलं (त्यांना बोलू नका, त्यांनी बाजू तुमचीच घेतली). व्याह्यांसमोर मान खाली गेली म्हणून तुम्ही हुकूम दिलात. बिरोबांपासून बाळापर्यंत सगळे परत आले, आणि टोचते की नाही, धुवावी कशी, हे सगळं गेलं. सोमवारी दोन फोन आले, एक जुन्या ओळखीवरचा आणि एक पत्रिकेचा. काल एकही नाही. आज सकाळी बानाबाई म्हणाली, ‘फोन बंदच पडले गं. हे मागाकडं बघायलेत, मंग माझ्याकडं बघायलेत.’ पुढच्या गुरुवारी अमावास्या आहे. ती झाली की शुक्रवारी दाजी माग उचकटणार. कोंबड्या बघून ठेवल्या आहेत.

इथपर्यंत ‘तुम्ही’ म्हटलं ते पत्राच्या रीतीसाठी. आता तू ऐक. लग्नाला माणसं पत्रिकेतलं नाव वाचून येतात, हे खरं, आणि तिथं एक नाव राहिलं तर दोन पिढ्या बोलत नाहीत, हेही खरं. पण घोंगडी घ्यायला माणूस येतो तो थंडी वाजते म्हणून. त्याला आपला मामा कोण याच्याशी काही देणंघेणं नाही. तो दारात उभा राहून विचारतोय, ऊब आहे का, आणि तू त्याला वंशावळ वाचून दाखवतोस. तोवर तो दुसऱ्या दारात गेलेला असतो, आप्पा, आणि त्या दारात गिरणीचं ब्लँकेट आहे. व्याह्यांसमोर मान ताठ राहावी म्हणून तू साठ नावं परत लावलीस. शुक्रवारी त्या साठांपैकी कोण दाजींच्या मागाचं लाकूड धरून ठेवणार आहे, त्याचं नाव मला कळव, मी ते मोठ्या अक्षरांत घालते.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. पान होतं तसं करायला शिवशंकरला सांग, आणि तसं सांगितल्याचं मला लेखी कळव. फोन करू नकोस. फोनवर तू आधी गुडघ्याचं बोलतोस आणि मग मला राग धरता येत नाही.

तुझी बहीण,
रत्नमाला

ता. क. १ : वेबसाइटची किल्ली, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडेही आहे. फुलंब्रीच्या एसटीत बसल्या बसल्या मी सगळं परत जसंच्या तसं करू शकले असते. केलं नाही. मी बदललं की तू बदलणार, तू बदललं की मी, आणि आपल्या दोघांच्या मधे तो माग. म्हणून हे पत्र. नाहीतर एवढं लिहायची गरज नव्हती.

ता. क. २ : खरं काम पुढे आहे. वरचं पान नंतर वाचलंस तरी चालेल, हे आधी वाच. (हनुमान, तू इथं थांब आणि पत्र आप्पाच्या हातात दे.) लाइबानं मला दाखवलं, माझ्या सगळ्या हुशार पानांपेक्षा लोक जास्त थांबत होते ते ‘आमची माणसं’ या पानावर, आणि तिथं तुझ्या नावापुढे. मी एवढंच लिहिलं होतं : आप्पा, लहानपणापासून मेंढरांमागे, डोक्यावरून घोंगडीची खोळ करून पावसात उभे राहिलेले. ते वाचून अकोल्याकडच्या एक बाई लिहितात, त्यांच्या गावची चाळीस माणसं रात्री पिकाच्या राखणीला बसतात, सगळ्यांसाठी घोंगड्या हव्यात. चाळीस म्हणजे दाजींचा अख्खा हिवाळा. बाईंचा एकच प्रश्न आहे : अवकाळी पाऊस आला तर खोळीतला माणूस किती वेळ कोरडा राहतो? मला माहीत नाही. दाजींनाही नाही, ते जन्मभर मागाच्या खड्ड्यात बसले. बाबांनी एकालाच शाळेत घालता येईल असं म्हटल्यावर तू काठी उचललीस, आणि तू पावसात उभा होतास तेव्हा मी बोर्डिंगच्या कोरड्या खाटेवर कविता पाठ करत होते. त्यामुळे मला कविता येतात आणि हे येत नाही. अंदाजानं लिहिणं मला जमणार नाही, आणि बाई उत्तरासाठी थांबल्या आहेत.

ता. क. ३ : ते उत्तर तू स्वतःच्या हातानं लिही. शिवशंकरला सांगू नकोस, तो सोनेरी करील. पाणी आधी कुठून झिरपतं, घोंगडी जड कधी होते, कधी झटकायची, कोकरू आत घेतलं तर काय होतं, तुला आठवेल ते सगळं. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. फोटोतलं अक्षर यंत्राला वाचता येत नाही, म्हणून खाली मी साध्या अक्षरांत टाइप करीन, पण वर तुझाच कागद राहील आणि त्याखाली तुझं नाव, पहिल्या पानावर, एकट्याचं. व्याह्यांना खुशाल दाखव. शुक्रवारच्या आत बाईंना कळवायचं आहे, तेव्हा उत्तर बुधवार, दि. १९ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पाहिजे. लेखी.